दोस्तीच्या पोटातले शीतयुद्ध

शीतयुद्धाचा इतिहास सांगताना बहुतेक पाठ्यपुस्तके १९४६ किंवा १९४७ पासून सुरुवात करतात. चर्चिलने ५ मार्च १९४६ रोजी अमेरिकेतील फुल्टन येथे ‘पोलादी पडद्या’चे भाषण केले, १२ मार्च १९४७ रोजी ट्रुमनने ग्रीस व तुर्कस्तान यांना मदत देण्याची घोषणा केली आणि जग दोन तटांत विभागले गेले, अशी ही मांडणी असते. तिच्यात एक गृहीत दडलेले आहे. युद्ध चालू असेपर्यंत अमेरिका, ब्रिटन आणि रशिया एकदिलाने वागत होते आणि हिटलर संपल्यावर त्यांच्यापैकी कोणीतरी विश्वासघात केला, असे ते गृहीत होय. मग विश्वासघातकी कोण एवढाच वाद शिल्लक राहतो. उजवे स्टॅलिनकडे बोट दाखवतात, डावे ट्रुमनकडे.

मुळात हे गृहीतच तपासून पाहिले पाहिजे. महासत्तांचे वैर युद्धानंतर जन्मले नाही. ते दोस्तीच्या पोटातच वाढत होते. युद्ध जिंकण्यासाठी जे प्रश्न पुढे ढकलले गेले, ज्या शब्दांचे दोन अर्थ जाणूनबुजून तसेच राहू दिले गेले आणि ज्या लोकांचे भवितव्य त्यांच्या गैरहजेरीत ठरवले गेले, त्या सर्वांची बेरीज म्हणजे शीतयुद्ध. ही बेरीज कशी होत गेली ते आपण क्रमाने पाहू.

१. गरजेपुरती मैत्री

ही तीन राष्ट्रे एकमेकांच्या प्रेमापोटी एकत्र आली नव्हती. १९१७ च्या क्रांतीनंतर रशियात जी यादवी माजली तिच्यात ब्रिटन आणि अमेरिकेने बोल्शेव्हिकांच्या विरोधी बाजूने सैन्य उतरवले होते. ब्रिटिश मंत्रिमंडळात या हस्तक्षेपाचा सर्वांत कडवा पुरस्कर्ता होता चर्चिल. अमेरिकेने तर सोव्हिएत सरकारला मान्यता दिली ती १९३३ मध्ये. दुसऱ्या बाजूने पाहिले तर २३ ऑगस्ट १९३९ रोजी स्टॅलिनने हिटलरशी अनाक्रमणाचा करार केला आणि त्याच्या गुप्त पुरवणीत पूर्व युरोपची वाटणी करून घेतली. १ सप्टेंबरला जर्मनी पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसला, १७ सप्टेंबरला रशिया पूर्वेकडून.

२२ जून १९४१ रोजी हिटलरने रशियावर चाल केली तेव्हा चित्र पालटले. आयुष्यभर कम्युनिझमचा वैरी असलेल्या चर्चिलने त्याच रात्री रेडिओवरून रशियाला मदत जाहीर केली. डिसेंबरात पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले आणि अमेरिकाही युद्धात उतरली. शत्रूचा शत्रू तो मित्र, या न्यायाने ही युती झाली. अशी मैत्री खोटीच असते असे नाही, पण ती मुदतीची असते. आणि मुदत संपण्याच्या आधीच जो तो आपला वाटा मोजू लागतो.

या युतीचा नैतिक जाहीरनामा म्हणजे अटलांटिक सनद. ऑगस्ट १९४१ मध्ये रूझवेल्ट आणि चर्चिल न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ युद्धनौकांवर भेटले आणि त्यांनी आठ कलमांची सनद काढली. आपले सरकार कोणत्या प्रकारचे असावे हे ठरवण्याचा सर्व लोकांचा हक्क तिसऱ्या कलमात मान्य केला होता. ‘सर्व लोक’ म्हणजे कोण? महिना उलटण्याच्या आत, ९ सप्टेंबर १९४१ रोजी, चर्चिलने पार्लमेंटमध्ये खुलासा केला की हे कलम प्रामुख्याने नाझी टाचेखालील युरोपीय राष्ट्रांसाठी आहे. हिंदुस्थान, ब्रह्मदेश यांचा प्रश्न वेगळा आहे. तिकडे रशियानेही सनदेला संमती देताना ती प्रत्येक देशाच्या परिस्थितीनुसार व गरजांनुसार लागू करावी लागेल अशी पुस्ती जोडली. म्हणजे सनदेची शाई वाळते न वाळते तोच दोन्ही बाजूंनी आपापले अपवाद काढून घेतले होते. हे लक्षात ठेवले म्हणजे पुढचे पुष्कळसे उलगडते.

२. रक्त कोणाचे, माल कोणाचा

युतीतला पहिला खरा तंटा ‘दुसऱ्या आघाडी’चा. १९४१ ते १९४४ या काळात जर्मन भूदलाचा फार मोठा भाग रशियाच्या भूमीवर लढत होता. पश्चिम युरोपात सैन्य उतरवून जर्मनांचे बळ विभागा, असा स्टॅलिनचा पहिल्यापासून धोशा होता. मे-जून १९४२ मध्ये मोलोटोव्ह वॉशिंग्टनला गेला तेव्हा १९४२ मध्येच दुसरी आघाडी उघडण्याच्या तातडीबद्दल पूर्ण समजूत झाल्याचे पत्रक निघाले. ऑगस्टमध्ये स्वतः चर्चिलला मॉस्कोला जाऊन सांगावे लागले की यंदा ते शक्य नाही. त्या वर्षी सैन्य उतरले ते उत्तर आफ्रिकेत, पुढच्या वर्षी सिसिलीत. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्तांचे पाऊल पडले ६ जून १९४४ रोजी. तोवर स्टालिनग्राडची लढाई होऊन सव्वा वर्ष लोटले होते.

चर्चिलची अडचण खरी होती. पुरेशी जहाजे नव्हती, आणि पहिल्या महायुद्धातील कत्तलीची आठवण ब्रिटनच्या मनात ताजी होती. परंतु मॉस्कोत बसून पाहणाऱ्याला त्याचा अर्थ एकच दिसे: भांडवलशाही राष्ट्रे आम्हाला आणि जर्मनांना परस्पर झिजू देत आहेत. युद्धाअखेर सोव्हिएत संघाचे सैनिक व नागरिक मिळून सुमारे २ कोटी ७० लाख माणसे मेली. अमेरिकेची सुमारे ४ लाख आणि ब्रिटनची सुमारे साडेचार लाख.

याच्या उलट अमेरिकेचा हिशेब मालाचा होता. ‘लेंड-लीज’ कायद्याखाली अमेरिकेने रशियाला सुमारे ११०० कोटी डॉलर्सची सामग्री पुरवली. चार लाखांवर ट्रक आणि जीप, विमाने, रेल्वे इंजिने, डबाबंद मांस, बूट असे सारे काही त्यात होते. लाल सेना बर्लिनपर्यंत पोचली ती पुष्कळशी अमेरिकन ट्रकांतून. एकाने रक्त दिले, दुसऱ्याने माल. दोघेही आपलेच देणे मोठे समजत होते आणि दोघांनाही वाटत होते की समोरचा आपला ऋणी आहे. मे १९४५ मध्ये जर्मनीची शरणागती होताच ट्रुमन सरकारने ही मदत एकदम तोडली. रशियाकडे निघालेली जहाजेदेखील माघारी वळवली. पुढे हा हुकूम सौम्य केला गेला. पण गरज सरो वैद्य मरो ही भावना मॉस्कोत कायमची रुजली.

३. पोलंड: बांध कोणी घातला?

दुसरा तंटा जमिनीचा. डिसेंबर १९४१ मध्ये, जर्मन फौजा मॉस्कोच्या वेशीवर असताना, ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री ईडन तेथे गेला. त्या घटकेलाही स्टॅलिनने मागितली ती १९४१ ची सरहद्द, म्हणजे हिटलरशी केलेल्या वाटणीतून मिळालेला प्रदेश. ब्रिटनने होय म्हटले नाही आणि ठाम नाहीही म्हटले नाही. मे १९४२ मध्ये दोघांचा वीस वर्षांचा मैत्रीकरार झाला तो सरहद्दीचे कलम गाळून. प्रश्न भिजत घोंगड्यासारखा पडून राहिला.

लंडनमध्ये पोलंडचे परागंदा सरकार होते. एप्रिल १९४३ मध्ये जर्मनांनी कातिनच्या जंगलात पोलिश लष्करी अधिकाऱ्यांची पुरलेली प्रेते सापडल्याचे जाहीर केले. पोलिश सरकारने रेडक्रॉसकडून चौकशी मागितली, तेव्हा स्टॅलिनने त्याच्याशी संबंधच तोडले. ही कत्तल १९४० साली स्टॅलिनच्या पोलिसांनी केली होती, हे मॉस्कोने कबूल केले ते १९९० मध्ये. परंतु युती टिकवण्यासाठी लंडन आणि वॉशिंग्टन तेव्हा गप्प राहिले.

नोव्हेंबर १९४३ च्या अखेरीस तिघे नेते तेहरानला प्रथमच एकत्र भेटले. तेथे चर्चिलने आगपेटीच्या तीन काड्या टेबलावर मांडून पोलंड देश पूर्वेकडून पश्चिमेकडे कसा सरकवता येईल ते स्टॅलिनला दाखवले. पूर्वेचा मुलूख रशियाला, त्याची भरपाई म्हणून पश्चिमेला जर्मनीचा मुलूख पोलंडला. रूझवेल्टने स्टॅलिनला खासगीत सांगितले की आपल्याला हे तत्त्वतः मान्य आहे. पण अमेरिकेत साठ-सत्तर लाख पोलिश वंशाचे लोक आहेत आणि १९४४ मध्ये निवडणूक आहे, तेव्हा आपण उघडपणे यात पडणार नाही. पोलंडचा कोणीही प्रतिनिधी तेथे नव्हता. पोलिश सैनिक मात्र होते. सहा महिन्यांनी त्यांनी इटलीतील माँटे कॅसिनोचा डोंगर दोस्तांसाठी जिंकला. त्यांच्यातल्या अनेकांची घरे त्या काडीच्या पलीकडे गेली होती.

नवी सरहद्द ‘कर्झन रेषे’च्या आधाराने ठरली. हा कर्झन म्हणजे १९०५ साली बंगालची फाळणी करणारा आपला व्हाइसरॉयच. १९२० मध्ये तो ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री असताना या रेषेला त्याचे नाव चिकटले. या बांधाची झळ महाराष्ट्रालाही लागली आहे. १९४० आणि १९४१ मध्ये पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना रशियाने सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केले होते. हिटलरच्या हल्ल्यानंतर स्टॅलिनचा पोलिश सरकारशी समझोता झाला. त्यांच्यातील काहींना देश सोडता आला आणि ते इराणमार्गे हिंदुस्थानात पोचले. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले. पंचगंगेच्या काठी ही माणसे युद्ध संपण्याची वाट पाहत होती. युद्ध संपले तेव्हा त्यांची गावे दुसऱ्या देशात गेली होती, आणि ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटन व अमेरिकेने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. ती ज्याला आपले सरकार मानत होती, त्याला जगाच्या दरबारात स्थान उरले नाही. त्यांच्यातले अनेक जण पुढे ब्रिटन आणि इतर देशांत विखुरले.

४. टक्क्यांचा कागद

ऑगस्ट १९४४ मध्ये वॉर्सा शहर जर्मनांविरुद्ध उठले. लाल सेना व्हिस्टुला नदीच्या पलीकडे येऊन ठेपली होती. ती थांबली. सैन्य थकले होते हे काही अंशी खरे. पण मदत टाकणाऱ्या दोस्तांच्या विमानांना रशियन तळांवर उतरण्याची परवानगीही स्टॅलिनने सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दिली नाही. उठाव लंडनच्या सरकारशी एकनिष्ठ असलेल्यांचा होता, हे त्यामागचे कारण होते. दोन महिन्यांत शहर उद्ध्वस्त झाले; दीड ते दोन लाख नागरिक मेले.

उठाव चिरडला गेल्यानंतर अवघ्या आठवड्याभरात, ९ ऑक्टोबर १९४४ च्या रात्री, चर्चिल मॉस्कोत स्टॅलिनसमोर बसला होता. त्याने अर्ध्या कागदावर आकडे लिहिले: रुमानियात रशियाचे ९० टक्के, ग्रीसमध्ये ब्रिटनचे ९० टक्के, युगोस्लाव्हिया आणि हंगेरीत निम्मे निम्मे, बल्गेरियात रशियाचे ७५ टक्के. स्टॅलिनने निळ्या पेन्सिलीने कागदावर खूण केली. कोट्यवधी लोकांचे भवितव्य असे सहज उरकले हे बरे दिसणार नाही, कागद जाळून टाकू या का, असे चर्चिलने विचारले. स्टॅलिन म्हणाला, तुमच्याजवळच ठेवा. पुढच्या दोन दिवसांत दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी बाजारात घासाघीस करावी तशी टक्क्यांची घासाघीस केली.

हा कागद म्हणजे तह नव्हता, पण तो पाळला गेला. डिसेंबर १९४४ मध्ये अथेन्समध्ये ब्रिटिश फौजा आणि ग्रीसमधील डावे लढवय्ये यांच्यात रस्त्यारस्त्यांवर लढाई झाली. हेच लढवय्ये कालपर्यंत जर्मनांशी झुंजत होते. जगभरच्या कम्युनिस्टांचा नेता म्हणवणाऱ्या स्टॅलिनने त्यांच्यासाठी एक शब्द उच्चारला नाही. रुमानियात रशियाने फेब्रुवारी-मार्च १९४५ मध्ये आपल्याला हवे ते सरकार बसवले तेव्हा चर्चिलही फारसा बोलू शकला नाही. अळीमिळी गुपचिळी!

ग्रीसमध्ये उतरवलेल्या फौजांत चौथी हिंदी डिव्हिजन होती, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. ज्या जवानाच्या स्वतःच्या देशाला अटलांटिक सनद लागू नव्हती, त्याला दुसऱ्या एका देशाच्या लोकांवर बंदूक रोखून उभे केले गेले. तो आणि समोरचा ग्रीक, दोघांनाही त्या कागदाची वार्ता नव्हती.

५. याल्टात काय विकले गेले?

फेब्रुवारी १९४५ मध्ये क्रिमियातील याल्टा येथे तिघे पुन्हा भेटले. रूझवेल्टने येथे पूर्व युरोप स्टॅलिनला विकला, हा आरोप अमेरिकेत पुढे कित्येक वर्षे गाजला. वस्तुतः विकायला रूझवेल्टच्या हातात काही नव्हते. लाल सेना त्या वेळी बर्लिनपासून सत्तर किलोमीटरवर होती, तर पश्चिमेकडच्या फौजांनी ऱ्हाईन नदीही ओलांडली नव्हती. शिवाय रूझवेल्टला जपानविरुद्ध रशिया हवा होता. त्याने तो मिळवला, आणि मोबदल्यात मांचुरियातील बंदरे व रेल्वे यांवरचे हक्क देऊ केले. ती मालमत्ता चीनची होती. चीन दोस्त राष्ट्रांपैकीच एक, पण त्याला हे रीतसर कळवले ते चार महिन्यांनी.

याल्टात घडले ते वेगळेच. पोलंडमधील रशियाप्रणीत सरकारची ‘अधिक व्यापक लोकशाही पायावर’ पुनर्रचना करावी आणि मग मुक्त निवडणुका घ्याव्यात असे ठरले. व्यापक म्हणजे किती? मुक्त म्हणजे कोणाच्या देखरेखीखाली? काहीही लिहिले नाही. रूझवेल्टचा लष्करी सल्लागार अॅडमिरल लेही याने तेथल्या तेथे त्याला बजावले की हा मजकूर रबरासारखा आहे, रशियन तो हवा तसा ताणतील. रूझवेल्टलाही ते समजत होते. याहून अधिक मिळण्यासारखे नाही असे त्याचे उत्तर होते. रशियासाठी पोलंड म्हणजे तीस वर्षांत दोनदा ज्या वाटेने शत्रू आला ती वाट. तेथे मित्र सरकार हवे. अमेरिकेसाठी पोलंड म्हणजे निवडून आलेले सरकार. पण मुक्त निवडणूक घेतली तर पोलिश जनता रशियाचे मित्र सरकार निवडणार नाही, हे सर्वांना ठाऊक होते. ही विसंगती सोडवण्याऐवजी तिच्यावर एका गुळगुळीत वाक्याचे पांघरूण घातले गेले.

आणखी एक पायंडा विसरून चालणार नाही. १९४३ मध्ये इटली शरण आला तेव्हा तेथला कारभार ब्रिटन व अमेरिकेने आपल्या हाती ठेवला आणि रशियाला नावापुरते सल्लागार मंडळात बसवले. पुढे रुमानिया, बल्गेरिया, हंगेरी येथे रशियाने हाच नियम त्यांना परत लावला. ज्याची फौज त्याची सत्ता, हा धडा प्रथम कोणी घालून दिला हे पाहिले म्हणजे ‘विश्वासघात’ हा शब्द जरा जपून वापरावासा वाटतो.

६. न सांगितलेले शस्त्र

अणुबॉम्बचे काम ब्रिटन आणि अमेरिका मिळून करीत होते आणि रशियाला त्याबद्दल काही सांगायचे नाही हे दोघांत ठरले होते. स्टॅलिनला हेरांकडून बातमी मिळत होती. म्हणजे एकाने लपवले, दुसऱ्याने चोरले, आणि दोघेही दोस्त म्हणवत राहिले. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट वारला. १६ जुलैला पहिली अणुचाचणी झाली आणि दुसऱ्याच दिवशी पॉट्सडॅमची परिषद भरली. २४ जुलैला ट्रुमनने स्टॅलिनला सहज बोलता बोलता सांगितले की आपल्याकडे विलक्षण विध्वंसक असे एक नवे शस्त्र आहे. स्टॅलिनने चेहऱ्यावर काही दाखवले नाही. हिरोशिमानंतर मात्र त्याने आपल्या अणुकार्यक्रमाला सारी ताकद लावली. २९ ऑगस्ट १९४९ रोजी रशियाचा पहिला बॉम्ब फुटला.

जपान कोसळत असताना, १० ऑगस्ट १९४५ च्या रात्री, वॉशिंग्टनमध्ये दोन अमेरिकन कर्नलांनी एका मासिकाच्या नकाशावर अर्ध्या तासात कोरियाची विभागणी केली. ३८ व्या अक्षांशाच्या उत्तरेला रशिया, दक्षिणेला अमेरिका. स्टॅलिनने ती मान्य केली. कोरिया हा शत्रू देश नव्हता; तो जपानचा गुलाम देश होता. शिक्षा त्याला झाली. १९५० ते १९५३ च्या युद्धात तेथे लाखो माणसे मेली. त्या युद्धाचा शांतता तह अजून झालेला नाही.

७. वारसा

१९४७ च्या जानेवारीत पोलंडमध्ये निवडणूक झाली. दहशत आणि खोट्या मतमोजणीने तिचा निकाल आधीच ठरलेला होता. त्यानंतर महिन्याभरात ब्रिटनने अमेरिकेला कळवले की ग्रीसचा खर्च आम्हाला झेपत नाही. ट्रुमनने काँग्रेसकडे ४० कोटी डॉलर्स मागितले. त्या अर्ध्या कागदावरची ब्रिटनची नव्वद टक्क्यांची जागा अमेरिकेने घेतली, इतकाच याचा अर्थ. तिघांतला एक दमून बाजूला झाला आणि दोन महासत्ता समोरासमोर उरल्या.

हे सारे अटळ होते काय? सर्वस्वी नाही. ऑस्ट्रियाही चार राष्ट्रांच्या फौजांनी वाटून घेतला होता. तेथे मात्र सर्व देशासाठी एकच सरकार राहू दिले गेले, आणि १५ मे १९५५ च्या तहाने कोणत्या फौजा केव्हा जाणार हे स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. पाठोपाठ ऑस्ट्रियाने तटस्थता स्वीकारली. फौजा गेल्या आणि देश अखंड राहिला. जेथे शब्द नेमके होते आणि ज्यांचा देश त्यांना टेबलाशी जागा होती, तेथे मार्ग निघाला.

हिटलरचा पाडाव या युतीखेरीज झाला नसता, आणि तो पाडाव मानवजातीवरचे उपकारच आहेत. यात शंका नाही. पण उपकारकर्त्याने लिहिलेला कागदही वाचूनच घ्यावा लागतो. स्वातंत्र्य, लोकशाही, मुक्ती हे शब्द कागदावर दिसले म्हणजे तीन गोष्टी विचाराव्यात: तो कागद लिहिला जात असताना ज्यांच्याबद्दल लिहिले ते तेथे होते काय? त्या शब्दांचा अर्थ कोण ठरवणार? आणि सही होत असताना त्या भूमीवर फौज कोणाची उभी होती? वळिवड्याच्या छावणीतल्या बायकांना आणि अथेन्सच्या रस्त्यावरच्या जवानाला हे विचारण्याची संधी कोणी दिली नाही. ज्यांना आज ती आहे त्यांनी ती सोडू नये.